डेटाबेस इंजिनाच्या कामासाठी परदेश गाठावा लागतो का?

प्रश्न : मी सी भाषेत सिस्टम्स प्रोग्रॅमिंग करतो. वेगवान डेटाबेस इंजिनवर काम करायची इच्छा आहे. त्यासाठी अमेरिकेलाच जावं लागतं, असं सगळे सांगतात. खरं आहे का?
– एक वाचक, तळेगाव ढमढेरे

उत्तर : नाही, हा गैरसमज मनातून काढून टाका. पोस्टग्रेस या डेटाबेस इंजिनाच्या ८.३ आवृत्तीत (२००८) आलेल्या ‘हॉट’ या सुधारणेत पुण्याच्या अभियंत्याचा मोठा वाटा आहे. या सुधारणेमुळे ओळ बदलताना इंडेक्सचे रकाने तेच राहिले आणि त्याच पानावर जागा असली, तर इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही. वेग वाढतो तो अशा बारकाव्यांतून.

पोस्टग्रेसचा सोर्स कोड खुला आणि सी भाषेतलाच आहे. तो उतरवून कंपाइल करा. बफर, लॉक आणि वॉल (राइट-अहेड लॉग) यांचा कोड वाचा. नंतर इतरांचे पॅच तपासा. ही मदत नवख्यांकडूनही हवी असते. वेगाचा दावा केलात, तर आधीची आणि नंतरची मोजमापं जोडा. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइजडीबीसारख्या कंपन्यांकडे अर्ज करताना हेच काम तुमची ओळख ठरेल.

मात्र अशा जागा मोजक्याच असतात, म्हणून हातची नोकरी सोडू नका. कोड पाठवण्यापूर्वी सध्याच्या कंपनीची लेखी परवानगी घ्या. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. तुमचा पाया पक्का आहे, नेटाने सुरुवात करा.