ट्रॉली जोडताना आपणही बघूया

ताईंनो, आपल्यातल्या काही गटांनी कर्ज काढून ट्रॅक्टर-ट्रॉली घेतली आहे. हप्ता, डिझेल, भाडं सगळं वहीत लिहिलेलं असतं. जोडणी मात्र आपण ‘ड्रायव्हर बघेल’ म्हणून सोडून देतो. ती आपल्यालाही बघता येते, पाच मिनिटांचं काम आहे.

आधी वजनाचं समजून घ्या. 45 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. उसाने भरलेली ट्रॉली त्याच्या तीन-चार पट सहज होते, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. चढाला ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो, पण उताराला ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर कितीही हुशार असला तरी गटाच्या कामाचा नाही. वेग दुप्पट केला तर थांबायला चौपट अंतर लागतं, हेही त्याला सांगून ठेवा.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात. शेतात वळताना ती वेगवेगळी वापरतात. रस्त्यावर येताना दोन्ही कडीने एकत्र जोडलेली पाहिजेत, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

आता हुकाची पिन. झिजलेली पिन किंवा तिच्या जागी घातलेला सळईचा तुकडा चालवून घेऊ नका. नवीन पिनेचा खर्च एका खेपेच्या भाड्यापुढे काहीच नाही. पिनेला खालून खिट्टी हवी, म्हणजे खड्ड्यात आदळली तरी ती उडणार नाही. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमध्ये एक जाड साखळी बांधा. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडायची. वर जोडून जोर लावला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटू शकतो.

दोन चाकी ट्रॉलीत सगळा माल मागे रचला तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. माल चाकांच्या थोडा पुढेच जास्त असू द्या.

रात्रीचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे न दिसणं. मागे लाल, बाजूला पिवळे रिफ्लेक्टर लावा. मोळ्यांचे शेंडे त्यांच्यावर लोंबत असतील तर ते असून नसल्यासारखेच. ट्रॉली बंद पडली तर डांबरावरून खाली घ्या, चाकांना दगड लावा. निघताना तो दगड उचलायचा. मागून मोटारसायकलवर आपलंच कोणीतरी येत असतं.

राहिला प्रश्न आपल्या बसण्याचा. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मडगार्डवर किंवा दांडीवर बसलेली बाई एका धक्क्यात थेट चाकाखाली जाते. पण कामावर जायचं कसं, हे खरं दुखणं आहे. नुसतं ‘बसू नका’ म्हणून ते सुटत नाही. त्यासाठी मालकाशी मजुरी ठरवतानाच जाण्यायेण्याच्या गाडीचं भाडंही ठरवा, तेही एकटीने नाही, टोळीने मिळून. गटाची ट्रॉली भाड्याने देताना पावतीवरच लिहा: ‘फक्त माल. माणसं बसवणार नाही.’ हा विषय ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत घ्या आणि ठराव वहीत नोंदवा.