सोय जाणे तो सोयरा

अमेरिकेच्या पश्चिम भागांतील नव्या वसाहतींवर लिहिलेल्या धर्मपर प्रेमकथा इंग्रजींत पुष्कळ आहेत. त्यांत एक कथानक वारंवार येतें : लग्न अगोदर, प्रेम मागाहून. १८६२ च्या कायद्यानें तेथें वसाहत करणारास १६० एकर जमीन मिळे; मात्र पांच वर्षें तेथेंच राहून ती कसावी लागे. अशा उजाड माळावर बायको वारलेल्या शेतकऱ्यास लेंकरें सांभाळणारें माणूस हवें असे, आणि निराधार बाईस छप्पर. जॅनेट ओक ह्या कॅनडांतील लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ (१९७९) ही कादंबरी अशाच सोयीच्या लग्नाची आहे. पश्चिमेकडे जातांना मार्टीचा पति अपघातांत मरतो. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशींच क्लार्क नांवाचा विधुर तिला मागणी घालतो, कारण त्याच्या लहानग्या मुलीला आई हवी असते. पण तो एक वचनहि देतो : वसंतांत परतीचा तांडा निघेल तेव्हां तिला जावेंसें वाटलें, तर भाडें आपण देऊं. माझ्या मतें साऱ्या कादंबरीचा जीव त्या परतीच्या भाड्यांत आहे. जिला जातां येतें, तिच्याच राहण्याला कांहीं अर्थ असतो.

केळापूरच्या वाचकास यांत नवल तें काय वाटावें? घरांत आईवांचून लेंकरें आणि शेतांत वेंचणीला आलेला कापूस, अशा बिजवराचें लग्न आपल्याकडे लांबत नसे. ‘सोय जाणे तो सोयरा’ ही म्हण आपलीच. मात्र ती सोय वडील माणसें पाहत. मुलीला कोणी विचारीत नसे.

गोदूबाई जोशी यांच्या आयुष्यांत हे दोन्ही प्रकार घडले. आठव्या वर्षीं, न विचारतां, लग्न झालें व थोड्याच महिन्यांत वैधव्य आलें. पुढें १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं मुंबईस शारदासदन काढलें, तेथें त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. त्यांचे बंधु नरहरपंत हे धोंडो केशव कर्वे यांचे स्नेही. १८९१ सालीं कर्व्यांची पत्नी वारली. पदरीं लहान मुलगा रघुनाथ. पुन्हां लग्न करणें तर विधवेशींच, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाईंच्या वडिलांपाशीं गोष्ट निघाली, आणि या वेळीं गोदूबाईंचा होकार घेऊन ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास विवाह झाला.

सोय दोघांचीहि होती. परतीचें भाडें मात्र नव्हतें. कर्व्यांच्या मुरुड गांवानें बहिष्कार घातला. १८५६ पासून कायदा अशा विवाहाच्या बाजूस होता खरा, पण कायदा कांहीं पंगतीला येऊन बसत नाहीं. पुढें १८९६ सालीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांचा वेळ आणि पैसा तिकडे वाहूं लागला, व घरीं मुलांचा संसार ओढण्याचें काम गोदूबाईंवर, म्हणजे आतां आनंदीबाईंवर, आलें. लोक त्यांना बाया म्हणत.

कर्व्यांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं निघालें, बायांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं. एकाच संसाराच्या या दोन हकीकती आहेत. प्रथम बायांची वाचावी.