चुकीचा पत्ता आणि स्मृतीची काटकसर

आज्ञावलीत चूक आहे एवढेच कंपायलरने सांगितले, तर लाखो ओळींच्या कामात त्या उत्तराचा उपयोग शून्य. चूक कोठे आहे, हेही कळले पाहिजे. त्यासाठी विश्लेषणातून तयार होणाऱ्या वृक्षाच्या प्रत्येक घटकाशी मूळ मजकुरातील स्थान जोडलेले असते. फाइल, ओळ व स्तंभ हे सारे दर वेळी नोंदवायचे म्हटले, तर स्मृतीचा खर्च अफाट होईल.

सी व सी++ भाषांसाठीच्या क्लँग या कंपायलरची मूळ रचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडावी अशी आहे. सर्व फाइली एकापुढे एक ठेवल्या आहेत असे मानून प्रत्येक स्थानाला ३२ बिटांचा एकच क्रमांक मिळतो. ओळ व स्तंभ यांचे गणित संदेश छापायची वेळ आली तरच केले जाते. एक बिट मॅक्रोची खूण म्हणून राखीव असते. उरलेल्या ३१ बिटांत सुमारे २१४ कोटी स्थाने मावतात. एकच फाइल पुनःपुन्हा समाविष्ट केली, तर ती दर वेळी नवी जागा व्यापते. बचतीची ही किंमत अवाढव्य प्रकल्पांनाच जाणवते.

खरी फसगत वेगळीच आहे. घटकाचा ‘शेवट’ म्हणून नोंदलेले स्थान हे त्याच्या अखेरच्या शब्दाच्या आरंभाचे असते. ‘रक्कम + करभार’ ही राशी त्या स्थानापर्यंतच खोडली, तर ‘करभार’ मागे उरतो. म्हणून तो शब्द पुन्हा वाचून त्याची लांबी मिळवावी लागते.