आधी शब्द ऐक, मग फिल्टर आवळ

अगं, हॅम रेडिओची कॉल साइन मिळाली तुला, मनापासून अभिनंदन! तू विचारलंस की रिगवर बोलण्याच्या एसएसबी मोडसाठी 3.0, 2.4 आणि 1.8 किलोहर्ट्झ असे तीन फिल्टर आहेत, क्लबमधला प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगतो, तर कुणाचं ऐकू? फोनवर घाईघाईत सांगायची ही गोष्ट नाही, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

आधी एक समज डोक्यातून काढून टाक. फिल्टर जितका अरुंद तितका सिग्नल चांगला, असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. हे बहुतेक मोर्सवाल्यांकडून आलेलं असतं आणि त्यांच्यासाठी ते खरंही आहे. मोर्सचा सूर एकच. 2.4 किलोहर्ट्झवरून 500 हर्ट्झवर आलं की नॉइज जवळजवळ 7 डेसिबलने उतरतो आणि सूर तेवढाच राहतो. माणसाच्या बोलण्याचं तसं नाही. 2.4 वरून 1.8 वर आलीस तर नॉइज कमी होतो जेमतेम सव्वा डेसिबल. एस मीटरचा एक एस म्हणजे 6 डेसिबल, म्हणजे सुईला हललेलं जाणवणारही नाही. त्या सव्वा डेसिबलच्या बदल्यात बोलण्याचा पाव हिस्सा तू कापून टाकलेला असतोस. खरखर मऊ वाटते, कानाला बरं वाटतं, आणि आपल्याला वाटतं की सुधारलं. पण समोरच्याने सांगितलेलं नाव कळलं का? मोजायचं ते एवढंच.

जो नॉइज आवाजाच्याच पट्टीत मिसळला आहे तो दुधात घातलेल्या पाण्यासारखा असतो, कुठलीही गाळणी लावलीस तरी तो वेगळा निघत नाही. मग फिल्टर कशाला? शेजाऱ्यासाठी. आपल्या पट्टीच्या कडेवर जो दुसरा येऊन बसला आहे, त्याला बाहेर ठेवण्यासाठी. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आता हे 40 मीटरवर नीट बघ, कारण तुझा बराचसा वेळ तिथेच जाणार आहे. तू 7.090 मेगाहर्ट्झवर एलएसबीत ऐकते आहेस आणि फिल्टर 300 ते 2700 हर्ट्झ मोकळा आहे असं धर. खाली 7.088 वर कुणीतरी बोलायला लागलं. एलएसबीत आवाज डायलच्या खालच्या बाजूला पसरतो, त्यामुळे त्या माणसाच्या बोलण्यातला 300 हर्ट्झचा खर्ज तुझ्या कानात 2300 हर्ट्झवर वाजतो. शब्द कळत नाहीत, नुसता वरच्या पट्टीतला चिवचिवाट ऐकू येतो. आणि तो जोरात असतो, कारण माणसाच्या आवाजातली ताकद खर्जातच असते. इथे फिल्टरची वरची कड 2700 वरून 2300 वर आण, चिवचिवाट जवळपास गायब होईल.

तोच शेजारी वर 7.092 वर असेल तर उलटं होतं. त्याच्या आवाजाचा अगदी वरचा भाग तुझ्याकडे 300 ते 700 हर्ट्झमध्ये पुटपुटल्यासारखा येतो. तो भाग मुळातच अशक्त, त्यामुळे त्रास कमी. तेव्हा खालची कड वर घे. 20 मीटरवर यूएसबी असते, तिथे या दोन्ही बाजूंची अदलाबदल कर. म्हणून सांगते, त्रास झाला की आधी कान देऊन ओळख, तो चिवचिवतोय की पुटपुटतोय. रिगवर ट्विन पीबीटी असेल किंवा विड्थ आणि शिफ्टची बटणं असतील, ती याचसाठी दिलेली आहेत. दोन्ही कडांनी सरसकट आवळत जाण्यापेक्षा ज्या बाजूने त्रास आहे तेवढीच कड हलव.

आणि निवडायला वाव असेल तेव्हा खालची कड कापायला घाबरू नकोस, वरची कापताना मात्र दहा वेळा विचार कर. खर्जाने आवाज भारदस्त लागतो, ओळखीचा वाटतो, पण अर्थ वाहून नेतात ती व्यंजनं, आणि त्यांच्यातली बरीचशी वरच्या पट्टीत राहतात. बेल टेलिफोन प्रयोगशाळेच्या फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी 1947 मध्ये हे मोजून मांडलं होतं. त्यांच्या हिशेबात आवाजाच्या आकलनाचे दोन सारखे वाटे पडतात ते साधारण 1900 हर्ट्झवर. त्याच्या खालचं सगळं मिळून अर्धं आणि वरचं सगळं मिळून अर्धं. एसएसबीचा फिल्टर मुळातच 2700 च्या आसपास संपतो, म्हणजे वरच्या वाट्यातलं थोडंसंच आपल्या हाती लागतं. तेही 2100 वर कापून टाकलंस तर आवाज जाडाभरडा, घोंगडीआडून आल्यासारखा होतो. 1.8 लावायचीच वेळ आली तर खिडकी 300 ते 2100 ठेवू नकोस, वर सरकवून 500 ते 2300 च्या आसपास आण. आवाज पातळ होईल, पण शब्द सुटे होतील.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फिल्टरने सुटत नाही. ‘स’चा सीत्कार बहुतांशी 4 किलोहर्ट्झच्या वर असतो आणि एसएसबीत तो येतच नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक सिग्नल अशक्त असला की पार पुसला जातो. म्हणून आकडे एकेक करून सांगायचे, ‘सहा, शून्य’ असे, आणि नाव अक्षरांनी फोडायचं, सिएरा, फॉक्सट्रॉट म्हणत. पुष्कळ नवी मुलं ही सवय फक्त परीक्षेपुरती ठेवतात. तू तसं करू नकोस.

हे मी इतकं जीव तोडून सांगते त्याला कारण आहे. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद आपल्या चमूबरोबर पोर्ट ब्लेअरहून हॅम स्टेशन चालवत होत्या. अंदमानहून कित्येक वर्षांनी कुणी हवेत आलं होतं, जगभरचे हॅम त्यांना गाठायला धडपडत होते. 26 तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, आणि तेच स्टेशन बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवू लागलं. अशा वेळी समोरून येणारं नाव, गाव आणि आकडा हेच सगळं असतं. आपल्याकडे पुन्हा कधी तशी वेळ आली आणि हेडफोन तुझ्या कानावर असला, तर फिल्टर कुठे ठेवायचा हे त्या क्षणी शिकायला वेळ मिळणार नाही.

नेट, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर जमलेल्या अनेक स्टेशनांचं सत्र, चालवायची पाळी आली तर फिल्टर मोकळाच ठेव, 2.4 च्या आत येऊ नकोस. सगळेच काही डायलवर अचूक बसत नाहीत. जुनी रिग वापरणारे, घरी बांधलेली बिटएक्स वापरणारे, कुणी 50 हर्ट्झ वर, कुणी 100 खाली. फिल्टर आवळून बसलीस तर नेमका तो अशक्त, थोडा बाजूला सरकलेला माणूसच तुझ्या हातून निसटेल. आणि आवाज बदकासारखा लागला तर फिल्टरला हात न लावता आधी आरआयटी, म्हणजे फक्त ऐकण्याची फ्रीक्वेन्सी सरकवणारं बटण, फिरव. बिटएक्सचं नाव निघालंच म्हणून सांगते, हैदराबादच्या अशर फरहान यांनी ती आखली म्हणून आपल्याकडे कितीतरी जणांना एसएसबी परवडली. तिच्यात क्रिस्टल फिल्टर एकच आणि कायमचा बसवलेला, फिरवायला बटण नाही. तरी त्या रिगवर लोक रोज गप्पा मारतात, दूरदूरची स्टेशनं गाठतात. तीन पर्याय हाताशी आहेत म्हणून दर मिनिटाला बदलत बसायची गरज नसते.

वळवाच्या दिवसांत ढगांचा कडकडाट सुरू झाला की बहुतेकांचा हात आधी फिल्टरकडे जातो. विजेचा तडाखा क्षणभराचा असतो. अरुंद आणि उभ्या कडांच्या फिल्टरमधून जाताना तो लांबतो, घंटेसारखा घुमतो, आणि पुढचं अक्षर खातो. अशा संध्याकाळी 2.4 वरच राहा, आरएफ गेन खाली घे, एजीसी फास्टवर ठेव. तडाखा ऐकू येईल, पण त्याच्यामागून आवाज लवकर परत येईल. रिगमध्ये फिल्टरची कड शार्प की सॉफ्ट अशी निवड असेल तर सॉफ्ट कर. शार्प ठेवायचं ते शेजारी अगदी चिकटून बसला असेल तेव्हा.

एकच सलग शिट्टी असेल तर नॉच लाव, फिल्टरला त्रास देऊ नकोस. कुणी माइक गेन वाढवून ओव्हरड्राइव्ह करत असेल तर त्याचे शिंतोडे थेट तुझ्या पट्टीतच पडतात, तिथे कुठलाही फिल्टर हतबल आहे. तुझाच रिसीव्हर जवळच्या जोरदार स्टेशनने दबून जात नाही ना, हे बघायला ॲटेन्युएटर लाव. कचरा सिग्नलपेक्षा जास्त उतरला तर दोष तुझ्या बाजूचा. 2 मीटरच्या रिपीटरवर एफएममध्ये हा खेळ खेळायचा नाही, तिथे रिगने ठरवलेली रुंदी असते तशीच राहू दे, कमी केलीस तर आवाज फाटतो.

क्लबमधल्या वडीलधाऱ्यांना यावरून दुखवू नकोस. वयाने वरच्या पट्टीचं ऐकणं मंदावलेलं असतं, त्यांना 1.8 आणि 2.4 मध्ये फारसा फरक जाणवत नाही, म्हणून ते मनापासून 1.8 सांगतात. तुझे कान अजून ताजे आहेत, तू तुझ्या कानांवर विश्वास ठेव.

माझ्या पसंतीचं विचारशील तर नेहमीसाठी 2.4, बँड शांत आणि सिग्नल भरदार असेल तर 3.0, आणि गर्दीत 1.8, तेही काम झालं की लगेच परत. या रविवारी सकाळी 40 मीटरवर एक अशक्त स्टेशन शोध, वही घे, आणि तिन्ही फिल्टरवर ऐकलेली नावं, गावं, आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिही. एस मीटरवर कागद लाव, म्हणजे लक्ष तिकडे जाणार नाही. कुठल्या रकान्यात जास्त शब्द उतरले ते मोज, आणि मग मला फोन कर.