परसातला फणस घराला लावण्याआधी

अगं, गावच्या घराचं काम काढतेयस आणि परसातला म्हातारा फणस कापून त्याच्याच चौकटी, दारं करायची म्हणतेस, हे ऐकून फार बरं वाटलं. फणसाचं लाकूड दारांना उत्तम. फक्त घाई करू नकोस, बयो. पाया खणायच्या किमान वर्षभर आधी लाकडाला हात घालावा लागतो.

आधी परवानगी. जमीन आपली असली तरी झाडं तोडण्याबाबतच्या १९६४ च्या कायद्याच्या यादीत साग, आंबा, ऐन यांच्यासोबत फणसही आहे. वनखात्यात अर्ज कर आणि ओंडके गिरणीपर्यंत न्यायला पास लागेल का, तेही तिथेच विचारून घे. कुणी ‘आपल्या गावात कोण बघतंय’ म्हणालं तर ऐकू नकोस.

तोड दिवाळीनंतर, पाऊस पुरता सरल्यावर. झाड पडलं की त्याच दिवशी ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांना ऑइल पेंट फास. लाकडातलं पाणी तोंडांकडून सगळ्यात भरभर जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात. सालीसकट महिनोन्‌महिने पाडून ठेवलंस तर भुंगेरे शिरतील.

सॉ मिलला जायच्या आधी स्वतः मोजमाप कर. मधला घेर फुटात घे, चाराने भाग, आलेल्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुण. चार फूट घेर आणि दहा फूट लांबी म्हणजे दहा घनफूट. व्यवहार याच हिशेबाने चालतो. आणि बुंधा नीट चाचपून बघ. गुरं बांधायला, कपड्यांची दोरी ताणायला ठोकलेले खिळे झाडाने पोटात घेतलेले असतात. पातं खिळ्यावर गेलं तर भुर्दंड तुलाच.

कापताना मात्र तू तिथे उभी राहा, हातात यादी घेऊन. हे मी अगदी बजावून सांगते. मालकावर सोडलंस तर त्याच्या सोयीचे तुकडे पडतील. पहिली फळी सुटली की पिवळाधमक भुसा उडतो आणि आतला पिवळा गाभा आणि कडेचा पांढरा भाग वेगळे दिसतात. पांढऱ्याला वाळवी आणि भुंगा आधी लागतो; तो चौकटीत नको, सेंट्रिंगच्या कामाला ठेव. ओंडक्याचा अगदी मधला बिंदूही चौकटीच्या तुकड्यात येऊ देऊ नकोस, तिथून लाकूड हमखास फाटतं. आणि प्रत्येक माप पाव इंच जास्त धर. सुकताना आणि रंधा मारताना तेवढं जातंच.

घरी आणलेल्या फळ्या सावलीत, चिऱ्यांवर रच. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या रिपा, दीड-दोन फुटांवर, वरपासून खालपर्यंत एका रेषेत. रिपा पुढेमागे झाल्या तर फळी तशीच वाकडी सुकते. वर दगडांचं वजन ठेव. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नकोस, वारा खेळला पाहिजे. इंचभर जाडीला साधारण वर्ष, असा अंदाज धर.

तीन इंची चौकट एवढ्यात पुरती वाळणार नाही. ती जरा कमी सुकलेली असली तरी निभतं. दाराच्या फळ्यांचं तसं नाही. त्या ओल्या बसवल्या तर उन्हाळ्यात आटून फटी पडतात आणि पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं. ठेकेदार घाई करेल, घरातलेही म्हणतील गृहप्रवेश उरकून टाकू. मुहूर्त हवा तर पुढचा घे, पण ओल्या फळीचं दार बसवू देऊ नकोस.