वैमानिक सापडला, विमान कोठे शोधावे?

14 ऑक्टोबर 2014 रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरण्याच्या बेतात असलेल्या सुखोई-30 विमानातून दोन्ही वैमानिक आसनांसह बाहेर फेकले गेले. ते बचावले; विमान थेऊर येथे शेतात कोसळले. ते उंचावर नसल्यामुळे शोधत बसावे लागले नाही. पण विमान उंचावर असते तर?

एक उदाहरण घेऊ. समजा, मुळशी तालुक्यातील नांदे गावावरून एक जुने लष्करी विमान 3,000 मीटर उंचीवरून पश्चिमेकडे चालले आहे. इंजिन बंद पडले व वैमानिकाने हवाई छत्री घेऊन उडी मारली. छत्री उघडल्यावर वजन आणि हवेचा विरोध समान होतात व तो सुमारे 6 मी./से. या स्थिर वेगाने खाली येतो. म्हणजे जमिनीवर पोचण्यास 500 सेकंद लागतील. तेवढ्या वेळात पश्चिमेकडून येणारा 10 मी./से. वेगाचा वारा त्याला 5 कि.मी. पूर्वेला नेईल.

विमानाला मात्र पंख आहेत. 1 मीटर खाली येताना ते 10 मीटर पुढे सरकते असे धरू (वाऱ्याचा परिणाम तूर्त सोडून देऊ). मग ते जास्तीत जास्त 30 कि.मी. जाईल. सरळ गेल्यास मुळशी धरणापलीकडच्या सह्याद्रीत, म्हणजे वैमानिकापासून 35 कि.मी. दूर!

पण विमान वळले असेल तर? दिशा ठाऊक नसल्यास 30 कि.मी. त्रिज्येचे वर्तुळ शोधावे लागेल :

3.14 × 30 × 30 = 2,826 चौ.कि.मी.

आता कोणी गावकऱ्याने विमान जाताना पाहिले आणि दिशा 10 अंश इकडे-तिकडे एवढी निश्चित झाली, तर 360 पैकी 20 अंशांचाच भाग उरतो. क्षेत्रफळ 1/18, म्हणजे 157 चौ.कि.मी. एका साक्षीदाराची किंमत एवढी मोठी असते!

दिशेची चूक प्राणावरही बेतते. 4 एप्रिल 1943 रोजी ‘लेडी बी गुड’ हे अमेरिकन बॉम्बफेकी विमान इटलीवरील मोहिमेहून परतताना रात्री लिबियातील आपला तळ ओलांडून पुढे गेले. इंधन संपत आल्यावर नऊ जणांनी उड्या घेतल्या. एकाची छत्री नीट उघडली नाही. उरलेले आठ जण समुद्र जवळ आहे असे समजून उत्तरेकडे चालत राहिले. प्रत्यक्षात ते शेकडो किलोमीटर आत वाळवंटात होते. आठही जण मरण पावले. रिकामे विमान दक्षिणेला सुमारे 25 कि.मी. जाऊन आपोआप वाळूवर टेकले होते. 1958 साली तेलाचा शोध घेणाऱ्यांना ते आकाशातून दिसले. पुढे माणसे तेथे पोचली तेव्हा त्यातील रेडिओ चालू स्थितीत होता, पिण्याजोगे पाणीही होते.

तुम्ही सोडवा : वरील उदाहरणात उंची 1,500 मीटर असती, तर शोधाचे वर्तुळ निम्मे झाले असते की पाव?