आकाशगरुडाचा कंद

सिकंदराबादेत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांनी घराच्या किंवा दुकानाच्या चौकटीवर दोरीने टांगलेला, मातकट रंगाचा एक ओबडधोबड कंद पाहिला असेल. तेलुगु भाषेत त्यास 'आकाश गरुड गड्ड' म्हणतात. 'गड्ड' म्हणजे कंद. त्याच्या योगाने दृष्ट लागत नाही व सर्प घरात शिरत नाही, अशी समजूत आहे. माती नाही, पाणी नाही, तरीही या कंदाला अधांतरी हिरवे कोंब फुटतात. म्हणूनच लोकांस त्याचे एवढे नवल वाटते.

या नवलाचे कारण आपण पाहू. ही वेल कारले, भोपळा, तोंडली यांच्या कुळातील होय. तिचे शास्त्रीय नाव कोरॅलोकार्पस एपिगीअस. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ 'पोवळ्यासारखे फळ असलेली' असा आहे. फळ लहान, मध्यभागी लालभडक आणि देठाकडे व चोचीसारख्या टोकाकडे हिरवे असते. भारताच्या कोरड्या भागांत, तसेच पूर्व आफ्रिकेत ती उगवते. पावसाळ्यात ती झुडपांवर चढते, फुलते, फळते आणि पाऊस सरल्यावर वाळून जाते. पुढील रुक्ष महिन्यांची बेगमी म्हणून पाणी व पिष्टमय अन्न तिने कंदात साठविलेले असते. स्वयंपाकघरातील टोपलीत कांद्याला कोंब येतो, त्याच नियमाने हा कंदही फुटतो. दक्षिण आफ्रिकेतील 'हत्तीचा पाय' नावाची, कोनफळाच्या कुळातील वेलही असाच प्रचंड कंद धारण करते.

परंतु साठा कितीही मोठा असला तरी तो कधीतरी संपतोच. टांगलेला कंद पानांवाटे पाणी गमावतो आणि मुळांना माती न मिळाल्यामुळे आत काही येत नाही. विद्यार्थिमित्रांनी असा कंद दर रविवारी तराजूत तोलून वजन वहीत टिपावे. कोंब लांबत असता वजन मात्र घटत जाते, असे दिसून येईल. शेवटी कंद सुरकुततो व मरतो. लोक म्हणतात, त्याने घरावरची दृष्ट ओढून घेतली. आम्ही म्हणतो, तो उपासमारीने मेला.

त्यास वाचविणे कठीण नाही. मृग नक्षत्राच्या सुमारास बुडाशी भोक असलेली कुंडी घ्यावी व भोकावर खापराचा तुकडा ठेवावा. दोन भाग जाड वाळू किंवा मुरूम, एक भाग तांबडी माती व एक भाग कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. कंदाला ताजी जखम असल्यास ती काही दिवस सावलीत सुकू द्यावी. जुन्या वेलीचा देठ वर येईल अशा रीतीने कंदाचा खालचा तिसरा हिस्सा तेवढा मातीत बसवावा. वेलीस ऊन मिळावे व तणाव्यांना धरावयास काठी असावी. वरची माती सुकल्यावरच पाणी घालावे. साचलेल्या पाण्याने कंद कुजतो. पाने पिवळी पडू लागली की पाणी बंद करावे व पुढील पावसाळ्यापर्यंत कुंडी कोरडी ठेवावी. वेल वाळली म्हणून ती मेली असे समजू नये. ती तिची विश्रांती होय.

एक सूचना मात्र विसरू नये. हा कंद अत्यंत कडू व रेचक आहे. औषध म्हणून त्याची ख्याती असली तरी मुलांनी तो चाखू नये.

बाजारात येणारे पुष्कळसे कंद रानातून खणून आणलेले असतात. फळ धरण्यापूर्वीच वेल उपटली गेली, तर तिचे बी रानात पडत नाही. म्हणून आधीच घरी टांगलेला कंद कुंडीत लावावा, नवा विकत घेऊ नये, असे आम्हांस वाटते. वडीलधाऱ्यांची श्रद्धा असेल तर ती कुंडी दाराशीच ठेवावी. श्रद्धाही राहील आणि वेलही जगेल.